लवंडली तरी उभी राहणारी नाव

रत्नागिरीला काजळी नदी समुद्राला मिळते तिथे भाट्याची खाडी आहे. ओहोटीच्या वेळी पुलावरून खाली पाहिले तर राजिवड्याच्या अंगाला छोट्या होड्या वाळूवर आणि चिखलात बसलेल्या दिसतात. बसलेल्या, लवंडलेल्या नव्हेत. त्यांचे तळ पसरट असतात, म्हणून पाणी ओसरले तरी त्या फारशा कलत नाहीत आणि भरती आली की आपोआप तरंगू लागतात. कोकणात काही अरुंद होड्यांच्या एका बाजूला आडव्या दांड्या काढून त्यांच्या टोकाला एक लांबट हलका ओंडका बांधलेला असतो. ही उलांडी. तिच्यामुळे हातभर रुंदीची होडीसुद्धा सहज कलंडत नाही.

आता असे समजा, की तुमच्यापैकी कोणी मोठेपणी शिडाची एक लहान नाव घेणार आहे. मासे धरण्यासाठी नव्हे, तर हौसेने हाकारण्यासाठी आणि शर्यतीत उतरण्यासाठी. नाव निवडताना त्याच्यापुढे पहिलाच प्रश्न येईल तो असा: नाव कील असलेली घ्यावी की बिनकिलीची?

कील हा शब्द आधी नीट समजून घेऊ. कोणत्याही मोठ्या लाकडी नावेच्या तळाशी नाळीपासून मागच्या टोकापर्यंत एक जाड तुळई जाते. नाव बांधताना प्रथम तीच मांडतात आणि बाकीचा सांगाडा तिच्यावर उभा राहतो. आपल्याकडे तिला पठाण म्हणतात. इंग्रजीत ती कील. पण हौशी नाविक जेव्हा 'कीलबोट' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात वेगळीच गोष्ट असते. नावेच्या पोटाखाली माशाच्या परासारखा एक पक्का पडदा खोल पाण्यात उतरलेला असतो, आणि त्यात किंवा त्याच्या तळाशी शिशाचे अथवा बिडाचे शेकडो किलोग्रॅम वजन भरलेले असते. एवढे ओझे मुद्दाम घेऊन शर्यतीत का उतरायचे? याचे उत्तर असे की कील दोन अगदी वेगळी कामे करते.

पहिले काम नाव आडवी वाहू न देण्याचे. वारा मागून येत असेल तर शीड उभारलेली कोणतीही नाव पुढे जाईल. पाण्यावर पडलेले पानसुद्धा जाते. पण रत्नागिरीत उन्हाळ्याच्या दुपारी वारा वायव्येकडून, समुद्रावरून येतो. त्या वेळी मांडवीहून बाहेर पडायचे तर वाऱ्याच्या तोंडावरच जावे लागते. शिडाची नाव सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. ती वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला अशी नागमोडी पुढे सरकते. अशा वेळी शिडावर पडणाऱ्या बलाचा मोठा भाग नावेला बाजूला ढकलतो व थोडासाच भाग पुढे ओढतो. बाजूचे ढकलणे कोणीतरी परतवले पाहिजे. ते कील परतवते. नाव तीनचार अंश तिरकी सरकत असते, त्यामुळे पाणी किलीवर तिरके येते. आणि विमानाच्या पंखावर हवा जसे वरच्या दिशेने बल लावते, तसे पाणी किलीवर आडव्या दिशेने बल लावते.

इथे एक शंका येईल. शीड केवढे मोठे आणि कील केवढी लहान! आकडे मांडून पाहू. गतिमान प्रवाहाचा दाब घनतेच्या निम्म्यास वेगाच्या वर्गाने गुणले की मिळतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला ६ मीटर धरा, हवेची घनता १.२. दाब आला दर चौरस मीटरला सुमारे २२ न्यूटन. शीड २४ चौरस मीटरचे असेल तर बल सुमारे ५२० न्यूटन. आता पाण्याकडे या. नावेचा वेग सेकंदाला २.५ मीटर, समुद्राच्या पाण्याची घनता १०२५. दाब येतो दर चौरस मीटरला सुमारे ३२०० न्यूटन! तिरकेपणाच्या तीनचार अंशांत याचा पाचवा हिस्सा जरी हाती लागला, तरी एक चौरस मीटरची कील शिडाला पुरून उरते. पाणी हवेच्या आठशेपटींहून अधिक घन आहे, त्याची ही करामत. मात्र नाव थांबली की हे बल नाहीसे होते. म्हणून नवशिक्या नाविकाची नाव वळताना अडखळली की ती भलत्याच दिशेला वाहत जाते.

एवढ्या कामासाठी वजन लागत नाही. पातळ फळी पुरते. नौदल छात्रसेनेत ज्यांनी व्हेलर होडी चालवली असेल त्यांना तिच्या नावाआधीची 'डी. के.' ही अक्षरे ठाऊक असतील. त्यांचा अर्थ 'ड्रॉप कील'. मधल्या फटीतून एक फळी खाली सोडायची आणि किनारा आला की वर ओढून घ्यायची. मग शिसे कशासाठी?

ते दुसऱ्या कामासाठी, नावेला उभी ठेवण्यासाठी. गलबताच्या तळाशी दगड किंवा वाळू भरतात, त्याला नीरम म्हणतात. किलीतले शिसे हे नीरमच आहे, फक्त ते नावेच्या पोटात नसून पोटाच्याही खाली टांगलेले आहे. त्याने काय साधते हे पाहण्यासाठी एखाद्या खऱ्या नावेची मापे घेऊ. जे-२४ या जातीची शर्यतीची नाव १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत रॉड जॉनस्टोन यांनी आखली आणि ती जगभर पसरली. लांबी ७.३ मीटर, रुंदी २.७ मीटर, एकूण वजन सुमारे १४०० किलोग्रॅम. त्यातले जवळजवळ ४३० किलोग्रॅम नीरम म्हणून खाली. नाविक साधारण पाच. वारा वाढला की हे पाचही जण वाऱ्याच्या बाजूच्या काठावर जाऊन बसतात.

पाच जणांचे मिळून वजन ३५० किलोग्रॅम आणि त्यांचे मध्यापासूनचे अंतर १.२ मीटर धरू. वजन गुणिले अंतर, म्हणजे त्या वजनाचे परिबल, आले ४२० किलोग्रॅम-मीटर. किलीचे वजन ४३० किलोग्रॅम, ते मध्याखाली ०.९ मीटरवर आहे असे धरू. गुणाकार सुमारे ३८७. आकडे जवळजवळ सारखेच दिसतात, पण ते लागू होण्याची रीत उलटी आहे. नाव सरळ उभी असताना माणसांचे अंतर पूर्ण मिळते, तर कील नेमकी मध्याखाली असल्यामुळे तिचे आडवे अंतर शून्य. नाव जसजशी कलते तसतसे माणसांचे परिबल कोनाच्या कोसाइनप्रमाणे घटते आणि किलीचे साइनप्रमाणे वाढते. १० अंशांना माणसे ४१४, कील ६७. ३० अंशांना माणसे ३६४, कील १९४. ६० अंशांना माणसे २१०, कील ३३५. आणि नाव पार आडवी पडली, शीड पाण्याला टेकले, की माणसांचे परिबल शून्य (एव्हाना ती बहुधा पाण्यात पडलेली असतात) आणि किलीचे पुरेपूर ३८७. ही आकडेमोड ढोबळ आहे; पाण्याचे प्लावक बल आणि नावेच्या पोटाचा आकार मी बाजूला ठेवला आहे. तरी मुख्य गोष्ट यात आली. कील ही संकटात जागी होणारी वस्तू आहे. वाऱ्याची पहिली झुळूक येते तेव्हा ती जवळजवळ काहीच करत नाही.

मग पहिल्या झुळुकीला नावेला सावरते कोण? तिची रुंदी. रुंद नाव कलली की कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, तिथले प्लावक बल वाढते आणि ती लगेच मागे ढकलली जाते. उलांडी म्हणजे ही रुंदीच, लाकूड वाचवून मिळवलेली. धक्क्यावरून नावेत पहिला पाय टाकला की रुंद नाव हलत नाही. अरुंद, खोल किलीची नाव मात्र लटपटते. गिऱ्हाईक रुंद नावेला सुरक्षित समजते. खरी अडचण पुढे आहे. पसरट पेटी किंवा उलांडीची होडी पूर्ण उलटी झाली तर ती उलट्या स्थितीतही तितकीच स्थिर असते! टेबल पायांवर जसे उभे राहते, तसे पाठीवरही पडून राहते. भौतिकीच्या भाषेत तिला स्थिर समतोलाच्या दोन अवस्था आहेत. अरुंद, खोल किलीच्या नावेला मात्र व्यवहारात एकच.

खाडीत आणि किनाऱ्यालगत याने फारसे बिघडत नाही. उलटलेली होडी धरून राहता येते, मदतीला दुसरी होडी येते. उलट, खोल कील इथे अडचणच करील. जे-२४ पाण्याखाली १.२ मीटरहून थोडी अधिक जाते. रत्नागिरीला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात. कील असलेली नाव एकदा वाळूत रुतली की पाणी ओसरताच आडवी पडणार. आपल्या किनाऱ्यावरच्या नावा पिढ्यान्‌पिढ्या उथळ तळाच्या राहिल्या त्या काही अडाणीपणाने नव्हे. कान्होजी आंग्र्यांची गुराबे आणि गलबते खाड्यांत शिरू शकत. खोल तळाच्या युरोपीय जहाजांना त्यांच्या मागे जाता येत नसे. यावर एक मधला मार्ग आहे, दोन आखूड किली दोन्ही बाजूंना बसवण्याचा. अशी नाव ओहोटीत दोन पायांवर उभी राहते, पण वाऱ्याच्या तोंडावर जाताना एका खोल किलीच्या नावेइतकी सरस ठरत नाही.

पावसाळ्याचाही विचार मालकाला करावा लागतो. मे महिना सरता सरता कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि झापांनी शाकारतात. सपाट तळाच्या होडीला ओंडके आणि दहाबारा माणसे पुरतात. किलीच्या नावेला यारी हवी, आणि वर आल्यावर तिला उभी ठेवायला घोडा हवा. नाव घेताना किंमत सगळे विचारतात. चार महिने ती कुठे उभी राहील हे फार थोडे विचारतात. तळावर शंखशिंपले चढतात ते वेगळेच. खरबरीत तळाची नाव शर्यतीत मागे पडते, म्हणून शर्यतीच्या नावेचा तळ आरशासारखा घासून ठेवतात.

शर्यतीचे गणितही गमतीचे आहे. नाव पाणी कापत जाते तेव्हा ती स्वतःची एक लाट उभी करते. वेग वाढला की लाट लांब होते. लाटेची लांबी नावेच्या पाण्यालगतच्या लांबीएवढी झाली, की नावेचे नाक एका उंचवट्यावर आणि शेपूट दुसऱ्यावर. याहून जास्त वेग म्हणजे स्वतःच्याच लाटेच्या चढावर चढणे. खोल पाण्यातल्या लाटेचा सेकंदाचा वेग तिच्या मीटरमधल्या लांबीच्या वर्गमुळाच्या १.२५ पट असतो. जे-२४ची पाण्यालगतची लांबी ६.१ मीटर, वेग येतो ३.१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर. नाविकांच्या भाषेत ६ नॉट. जड नाव ही मर्यादा सहसा ओलांडत नाही. हलकी, पसरट नाव मागून जोराचा वारा मिळाला तर पाण्यावर घसरत तिच्या पलीकडे जाते.

म्हणजे लांब नाव जात्याच वेगवान. मग लहानमोठ्या नावांची शर्यत लावायची कशी? एक उपाय असा की प्रत्येक नावेला तिच्या मापांवरून एक गुणक द्यायचा आणि लागलेला वेळ त्याने गुणायचा. ०.९०० गुणकाच्या नावेला १०० मिनिटे लागली तर ती ९० धरायची, ०.९५० गुणकाची नाव ९६ मिनिटांत आली तर ९१.२. मागून आलेली जिंकली! किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याला हे कधीच पटत नाही. दुसरा उपाय सगळ्यांनी एकाच साच्याच्या नावा वापरण्याचा. जे-२४ची लोकप्रियता त्यातूनच आली. मुंबई बंदरात रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे, आणि तिथला शर्यतींचा हंगाम पावसाळा टाळूनच असतो.

शर्यत बंदरातून निघून मोकळ्या समुद्रात गेली की रुंदी आणि वजन यांचा वाद जिवावर येतो. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतण्याच्या शर्यतीत ३०३ नावा होत्या. वाटेत वादळाने गाठले. १५ नाविक मृत्यू पावले. सत्तरहून अधिक नावा आडव्या होऊन त्याच्याही पलीकडे लवंडल्या. २४ नावा नाविकांनी सोडून दिल्या. नंतर पाहिले तर त्यांतल्या पाचच बुडाल्या होत्या. चौकशीत आणि पुढच्या संशोधनात लक्ष गेले ते वेगासाठी हलक्या व रुंद केलेल्या नावांकडे. त्यांतल्या काही उलट्या झाल्यावर बराच वेळ उलट्याच राहिल्या होत्या.

त्यातून निवडीसाठी एक साधा आकडा पुढे आला. नाव जेवढे पाणी बाजूला सारते त्याच्या घनफळाचे घनमूळ काढा आणि नावेच्या रुंदीला त्याने भागा. उत्तर २ पेक्षा कमी आले तर नाव मोकळ्या समुद्रासाठी विचारात घ्यावी. जे-२४चे वजन १.४ टन, घनफळ सुमारे १.३७ घनमीटर, घनमूळ १.११, रुंदी २.७१ मीटर. भागाकार २.४४. बंदरात झकास, महासागरासाठी नव्हे. हा आकडा शिसे किती खोल आहे हे विचारत नाही, म्हणून त्यावर डोळे मिटून विसंबू नये. पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला तो पुष्कळ सांगून जातो.

याच कसोटीवर एक मुंबईत बांधलेली नाव घासून पाहू. तिचे नाव 'सुहैली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज जहाज-अधिकारी. त्याने कुलाब्याला सागवानी लाकडात ती बांधून घेतली आणि १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. लांबी ९.८ मीटर, रुंदी ३.४ मीटर, वजन सुमारे नऊ टन, पाण्याखाली १.७ मीटर. आराखडा १९२० नंतरच्या दशकातला, नॉर्वेतल्या जीवरक्षक नावांवर बेतलेला; पोट भरीव आणि कील नाळीपासून सुकाणूपर्यंत लांबलचक. भागाकार येतो सुमारे १.६.

१४ जून १९६८ ला तो या नावेतून फालमथ बंदरातून एकटाच निघाला. कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ती शर्यत होती. नऊ जण निघाले होते. त्यांतल्या दोघांच्या नावा तीन पोटांच्या, म्हणजे दुहेरी उलांडीच्या होत्या. त्या कितीतरी वेगवान. पण त्यांतला एक नाविक, डॉनल्ड क्रोहर्स्ट, हा स्वतः यंत्रांचा जाणकार; आपली नाव उलटली तर परत सुलटी होणार नाही हे तो ओळखून होता. त्यासाठी डोलकाठीच्या टोकाला हवेने फुगणारी पिशवी बसवण्याची युक्ती त्याने काढली होती. ती पुरी झालीच नाही. त्याची रिकामी नाव जुलै १९६९ मध्ये अटलांटिकमध्ये सापडली. दुसऱ्याची नाव शर्यत संपत आली असता खिळखिळी होऊन बुडाली, तो वाचला. 'सुहैली'ला सप्टेंबर १९६८ मध्ये दक्षिण महासागरात लाटेने आडवी करून त्याच्याही पलीकडे नेले. कील आपल्या वेळेला जागी झाली आणि नाव उठली. आतले सामान विस्कटले, केबिनला भेगा गेल्या, पण ती पुढे चालत राहिली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, ती फालमथला परतली. सरासरी वेग ताशी ४ सागरी मैल, माणसाच्या भरभर चालण्याहून थोडा जास्त. नवांपैकी शर्यत पुरी केली ती तिने एकटीनेच. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, हीच शर्यत जुन्या धर्तीच्या, लांब किलीच्या नावांनी पुन्हा झाली. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी तीत 'तुरिया' घेऊन उतरले. ही 'सुहैली'चीच प्रतिकृती. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली. (अभिलाष टॉमी ज्या 'म्हादेई'तून २०१२-१३ मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीभोवती फिरून आले, तीही याच गोदीतली.) २१ सप्टेंबर २०१८ ला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळाने 'तुरिया'ला उलटी केली. किलीने तिला परत उभी केली. पण किलीचे काम तेवढेच. डोलकाठी ती वाचवू शकत नाही आणि डोलकाठीवरून फेकला गेलेला माणूसही. टॉमींच्या पाठीचे मणके मोडले. डोलकाठी गमावलेल्या, पण तरंगत्या नावेत ते तीन दिवस पडून होते. २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या 'ओसिरिस' जहाजाने त्यांना उचलले. नाव उलटी राहिली असती तर या तीन दिवसांचा प्रश्नच उरला नसता. २०२२ च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले, दुसऱ्या, तशाच लांब किलीच्या नावेतून, आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

घरी करून पाहायचे असेल तर थर्मोकोलचे दोन तुकडे घ्या, दोन्ही वीतभर लांब आणि दोन बोटे जाड; एक आठ बोटे रुंद, दुसरा तीन बोटे. दोघांवर सारख्या उंचीची बांबूची काडी डोलकाठी म्हणून रोवा. अरुंद तुकड्याखाली डब्याच्या पत्र्याची वीतभर खोल पट्टी खोचून तिच्या टोकाला एक मोठा नटबोल्ट बांधा. हौदात सोडून दोन्ही डोलकाठ्या बोटाने ३०, ६०, ९० अंशांपर्यंत वाकवा, मग पूर्ण उलट्या करा आणि किंचित हलवून सोडा. नंतर बोल्ट पट्टीवर बोटाबोटाने वर सरकवत न्या. कोणत्या जागी होडी उलटीच राहू लागते तिथे खूण करा, आणि तुकडा दीडपट रुंद घेतल्यावर ती खूण कुठे सरकते ते मोजा.